पाऊण सावली

आसोलीच्या सड्यावर आमचे चार मांडव.
पहिला नुसता नावाला: चार खांब, वर आभाळ.
दुसऱ्यावर पाव सावलीची हिरवी जाळी,
तिसऱ्यावर अर्धी,
चौथ्यावर पाऊण. तिथे भर बारालाही
दिवस कलल्यासारखा वाटतो,
म्हणून आनंदी धुरी डबा तिथेच उघडते.

प्रत्येकात चाळीस खैर, चाळीस सुरंगी.
दर सोमवारी मी वाकते,
पिशवीतल्या मातीपासून शेंड्याच्या डोळ्यापर्यंत
पट्टी धरते
आणि आकडा तृप्तीच्या वहीत उतरवते.
तृप्ती अकोल्याची. झाडांचं मोठं शिक्षण घेतेय.
सुरंगी तिनं याआधी फक्त पुस्तकात पाहिलेली.
पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, वास कसा असतो?"
म्हटलं, शिमग्यापर्यंत थांब.

भादव्यात उघड्यावरचा खैर ढोपराला लागला,
बोटांना काटे लागायला लागले.
पाऊण सावलीतला
आज बोटभर, उद्या आडवा,
बुडाशी काळा, भिजल्या सुतळीसारखा.
सतरा गेले.
मी सतरा वेळा शून्य लिहिलं,
प्रत्येक शून्य जरा नीट, गोल काढलं.

सुरंगीची मात्र मला घमेंड होती.
उघड्यावर तिची पानं अश्विनाच्या उन्हात कडेनं करपली,
पण पाऊण सावलीत काय वाढली!
सगळ्या मांडवांत मोठा आकडा तिचा.
मी तो वहीत जाड लिहिला.
तृप्तीनं पितळी चिमटा काढून बुडाशी लावला,
मान हलवली.
"उंच नाही काकू, लांब झालीय.
उजेड शोधतेय."

उंच. लांब.
रात्री कूस बदलताना हेच दोन शब्द टोचत राहिले.
माझा धाकटा पंधराव्या वर्षी
दाराच्या चौकटीला टेकला होता.
अख्खी वाडी कौतुक करायची.

कार्तिकात माकडांनी अर्ध्या सावलीची जाळी फाडली.
मी भावाकडून जाळं सांधायची सुई आणली,
बांगड्याचा वास अजून तिला होता.
स्टुलावर चढून शिवायच्या आधी
थोडा वेळ नुसती बघत बसले:
फाटल्यातून पडलेला उन्हाचा तुकडा
एका रोपावरून दुसऱ्यावर सरकत होता,
प्रत्येकाला थोडा थोडा,
पंगतीत वाढपी फिरावा तसा.
मग शिवली. प्रयोग म्हणजे प्रयोग.

पौषात तृप्ती म्हणाली, आता वजन.
प्रत्येक मांडवातली दहा दहा रोपं उपटायची,
मुळं धुवायची, पान वेगळं, खोड वेगळं, मूळ वेगळं,
कागदी पाकिटात घालून
भट्टीत तीन दिवस सुकवायची.
आनंदी हातातला घमेला खाली ठेवून म्हणाली,
"झाड वाढला की नाय ता बघूक
झाडच मारूचा?"
कुणी उत्तर दिलं नाही.
मुळं मीच धुतली. बालदीतलं पाणी तांबडं होत गेलं.
माझ्या त्या लांब सुरंगीला
मूळ म्हणून होते चार केस.
अर्ध्या सावलीतली, वितीला जेमतेम पोचलेली,
खाली मात्र पिशवीच्या तळाशी
तीन वेढे घालून बसली होती.
मी ते वेढे बोटांनी सोडवत राहिले,
तृप्ती दोनदा हाक मारेपर्यंत.

माघात ती आकडे घेऊन गेली.
शिमग्याला मी तिला पाकिटातून
सुरंगीच्या मूठभर कळ्या पाठवल्या.
अकोल्याला पोचेपर्यंत वास किती उरतो,
ते कुठल्या वहीत नाही.

आणि एक खोटं.
मांडव तिसरा, रोप एकतीस:
त्यापुढे माझ्या अक्षरात 'मेलं' असं लिहिलंय.
मेलेलं नाही.
माझ्या विहिरीमागे आहे, फणसाच्या अलीकडे.
तिथे दहापर्यंत ऊन येतं.
पुढचं फणस ठरवतो.